शहाणी होण्याची गोष्ट

मुलीला पहिल्यांदा पाळी आली की जुन्या मराठी घरांत ‘ती शहाणी झाली’ असे म्हणत. ‘पदर आला’, ‘न्हाण आले’ असेही म्हणत, पण या सगळ्यांत ‘शहाणी झाली’ हा प्रयोग मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. कालपर्यंत अंगणात सागरगोटे खेळणारी आणि आज सकाळी पोट दुखते म्हणून रडणारी मुलगी संध्याकाळपर्यंत शहाणी कशी होते, हा प्रश्न तो शब्द वापरणाऱ्या आजीला पडला नसेल. किंवा पडला असेल, आणि म्हणूनच ती तो हलक्या आवाजात उच्चारत असेल. शरीराने एक उंबरठा ओलांडला की शहाणपण पाठोपाठ येतेच, आणि आले नाही तरी ते आल्यासारखे वागणे मुलीला भाग आहे, असा अख्खा समज त्या दोन शब्दांत बसवलेला आहे.

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या फँटसी कादंबऱ्यांकडे आपण मोठी माणसे कशा नजरेने पाहतो, याविषयी लिहिताना मला हा शब्द आठवला, कारण माझ्या मते अशा चांगल्या कादंबऱ्या नेमका हाच समज उलगडून पाहतात. माझी भाची आठवीत गेल्यापासून तिच्या उशाशी या प्रकारची जाडजूड पुस्तके दिसू लागली आणि घरात त्यांवर दोन तऱ्हेची मते ऐकू येऊ लागली. पहिले मत जुनेच आहे: जादूगार आणि राक्षसांच्या नादी लागण्यापेक्षा मुलीने काहीतरी खरे वाचावे. दुसरे मत अधिक आधुनिक आणि अधिक सदिच्छेचे आहे: वाचू दे, पण नायिका निदान खंबीर असावी, मुलींना चांगला आदर्श मिळेल. पहिल्या मताला मुलगी त्या जगात जायलाच नको आहे आणि दुसऱ्याला ती तिथे पहिल्या पानापासून तयार होऊन आलेली हवी आहे. ती वाढताना पाहण्याची तयारी दोघांचीही नाही. माझे म्हणणे असे आहे की मुलीचे वाढणे, त्यातल्या चुका, लाज, राग आणि किंमत यांच्यासकट सांगण्यासाठी फँटसी हा अत्यंत प्रामाणिक साहित्यप्रकार ठरू शकतो. आणि नायिका जेव्हा खरोखर वाढते, तेव्हाच ती मोठ्या माणसांना, त्यांत तिच्या हितचिंतकांनाही, सोसवत नाही.

एका कादंबरीकडे नीट पाहिल्याशिवाय हे बोलण्यात अर्थ नाही. उर्सुला के. ले ग्विन या अमेरिकी लेखिकेची ‘द टूम्स ऑफ अतुआन’ ही कादंबरी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि पुढच्या वर्षी तिला बालकुमार साहित्यासाठीचा ‘न्यूबेरी ऑनर’ मिळाला. ‘अर्थसी’ नावाच्या द्वीपसमूहाच्या मालिकेतले हे दुसरे पुस्तक. पहिले, १९६८ मधले, गेड नावाच्या एका मुलाच्या जादूगार होण्याचे होते. दुसऱ्या पुस्तकात गेड येतो, पण निम्मे पुस्तक उलटून जाईपर्यंत जवळजवळ दिसत नाही. ते पुस्तक तेनारचे आहे.

तेनार ही सफरचंदाची बाग राखणाऱ्या एका गरीब घरातली मुलगी. थडग्यांच्या देवस्थानाची मुख्य पुजारीण ज्या रात्री वारली त्याच रात्री तिचा जन्म झाला, म्हणून ती त्याच पुजारणीचा पुनर्जन्म ठरते आणि पाच वर्षांची असताना तिला घरातून नेले जाते. पुढे एका विधीत तिच्या मानेवर तलवार उगारली जाते, ऐन वेळी थांबवली जाते, आणि तिचे नाव काढून घेतले जाते. यापुढे ती ‘आर्हा’. या शब्दाचा त्या बेटावरच्या भाषेतला अर्थ ‘खाल्ली गेलेली’ असा आहे. मला स्वतःला ‘गिळलेली’ हा मराठी शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण गिळलेल्या वस्तूचा आकार काही काळ तरी आत शाबूत राहतो. जमिनीखालच्या ज्या शक्तींची ती सेवा करते त्यांनाही नाव नाही. त्या निनावी आहेत आणि आपल्या सेविकेचे नाव खाणे हीच त्यांची पहिली मागणी आहे.

मराठी वाचकाने, विशेषतः मराठी वाचक स्त्रीने, या जागी थबकावे असे मला वाटते. आपल्याकडे अनेक घरांत लग्नात मुलीचे आडनावच काय, पहिले नावही बदलते. तबकात तांदूळ पसरून नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहितो, कुणीतरी ते मोठ्याने वाचते आणि साखर वाटली जाते. माझ्या आजीचे माहेरचे नाव मला कळले तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिचा थोरला भाऊ आजारातून उठून भेटायला आला आणि त्याने दारातूनच तिला त्या नावाने हाक मारली. आजी ज्या चपळाईने उठली ती मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. तांदळातल्या त्या नावात आनंद असतो, कौतुक असते, आणि आज अनेक मुली त्याला नकारही देतात, त्यामुळे ओढूनताणून त्याची तुलना तलवारीच्या विधीशी करण्याचे कारण नाही. पण ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना नाव काढून घेण्याची कल्पना परीकथेतली वाटणार नाही. ‘अर्थसी’त जादू म्हणजे वस्तूचे खरे नाव ठाऊक असणे. तिथे गेड भुयारात कैद असताना आर्हाला तिचे मूळ नाव सांगतो आणि त्या रात्रीनंतर ती स्वतःशी म्हणते की मी तेनार आहे, तेव्हा कुठल्याही मंत्राशिवाय पुस्तकातली सर्वांत मोठी जादू घडलेली असते.

त्याहूनही जवळची एक गोष्ट आहे. मुलगी ‘देवाला सोडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आहे. खंडोबाला सोडलेली मुरळी, यल्लम्माला सोडलेली जोगतीण हे या भूमीवरचे वास्तव आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध आवाज उठवला, १९३४ साली मुंबई प्रांतात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि तरीही ही चाल लगेच थांबली नाही. तेव्हा ‘पाच वर्षांची मुलगी देवस्थानाला दिली’ हे वाक्य वाचताना अमेरिकेतल्या मुलीला जे दूरचे आणि गूढ वाटेल ते आपल्याला तितके दूरचे वाटत नाही. यावर कुणी म्हणेल की मग मुरळीवरची वास्तववादी कादंबरीच मुलींच्या हाती का देऊ नये? जरूर द्यावी. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती असे पुस्तक देताना आपण, नकळत का होईना, ‘हा एक सामाजिक प्रश्न आहे’ असे सांगूनच ते देतो. ती पानोपानी कुणाची तरी कीव करत वाचते, आणि कीव करणारा नेहमी बाहेर उभा असतो. फँटसीत बाहेर उभे राहायला जागा नसते. थडग्यांखालच्या पोकळीत दिवा नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तेनारबरोबर वाचकालाही भिंतीला हात लावून, वळणे मोजत, अंधार पाठ करावा लागतो.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट होते, जी मला या पुस्तकाचे खरे शहाणपण वाटते. तेनारला तो अंधार आवडू लागतो. चक्रव्यूहातली वळणे तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नाहीत, किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आहे, आणि ज्या जगात तिचे स्वतःचे असे काही नाही त्या जगात ही काळोखी जागा तेवढी तिची आहे. स्वयंपाकघरावर एकछत्री राज्य करणारी, भांडारघराची किल्ली सुनेच्या हाती न देणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिला कुणी ‘तू कैदेत आहेस’ असे सांगितले तर ती चिडेल आणि तिचे चिडणे समजण्यासारखे असेल. कैद ही पकडून ठेवलेल्या माणसालाच हळूहळू अभिमानाची वस्तू कशी वाटू लागते, हे व्याख्यानाने सांगता येत नाही. पन्नास पाने तिच्यासोबत अंधारात चालल्यावर ते वाचणाऱ्या मुलीच्या हातापायांना कळलेले असते.

चौदा-पंधराव्या वर्षी, म्हणजे ‘शहाणी’ झाल्यावर, तेनारला पुजारणीचे पूर्ण अधिकार मिळतात. त्या अधिकारातले पहिले मोठे काम असे की देवराजाने धाडलेल्या तीन कैद्यांना कसे मारायचे ते तिने ठरवायचे. ती ठरवते. त्यांना अन्नपाण्यावाचून अंधारात ठेवले जाते. नंतर तिला स्वप्ने पडू लागतात: कुणीतरी तहानलेले आहे, तिच्या हातात पाण्याचा वाडगा आहे आणि ती त्याच्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. पुढे चोरवाटेने शिरलेला गेड तिच्या तावडीत सापडतो, तेव्हा कायद्याप्रमाणे त्यालाही असेच मरू द्यायला हवे. पण ती पाणी घेऊन जाते. मला अनेक वाचनांनंतर लक्षात आले की संपूर्ण कथेचा कणा हा वाडगा आहे. तेनारकडे जादू नाही, शस्त्रविद्या नाही, भविष्यवाणीने दिलेले कवच नाही. तिच्याकडे तीन माणसांच्या मृत्यूची जबाबदारी आहे आणि चौथ्या माणसासाठी नेलेले पाणी आहे. तिचे वाढणे याच दोन गोष्टींच्या मधल्या अंतरात घडते, आणि ते अंतर शरीराने ‘शहाणी’ होण्याच्या बरेच पुढे सुरू होते.

श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या माणसाला इथे आणखी एक धक्का बसतो. कहाणीतली बाई वसा घेते. उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही असे म्हणते. आणि वसा टाकला की घरावर अरिष्ट येते, पुन्हा घेतला की सगळे पूर्ववत होते. मला त्या कहाण्या फार प्रिय आहेत आणि त्यांच्यातली मराठी तर आजही शिकण्यासारखी आहे. पण त्यांतली नायिका सोसते, चुकते आणि परत येते. ती बदलत नाही, कारण कहाणीला तिच्या बदलण्याची गरज नसते, तिच्या निष्ठेची असते. तेनार घेतलेला वसा टाकते. अरिष्टही येते: थडगी कोसळतात, डोंगर हादरतो, आणि तिला लहानपणापासून सांभाळणारा, तिच्यावर जीव लावणारा मानन खोल दरीत पडून मरतो. त्याचे मरणे लेखिकेने पुसून टाकलेले नाही. बाहेर आल्यावर तेनार आनंदाने नाचत नाही, ती रडते. एका निरुपयोगी दुष्टतेच्या चाकरीत गेलेल्या वर्षांसाठी रडते. एका क्षणी तर झोपलेल्या, किंवा झोपल्यासारख्या स्वस्थ बसलेल्या, आपल्याच सुटका करणाऱ्याला मारायला ती सुरा घेऊन उठते. स्वातंत्र्य हे ओझे आहे, ते कुणी दान देत नाही आणि ते निवडणे सोपे नसते, असे ले ग्विन तिथे स्पष्ट लिहितात. कुमारांसाठीच्या पुस्तकात इतके कडू सत्य इतक्या सौम्यपणे लिहिलेले मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे.

आता ‘खंबीर नायिके’कडे वळते. सोळाव्या वर्षी तिला तलवार चालवता येते, उत्तरे तिच्या जिभेवर तयार असतात, तिच्या जन्माआधीच तिची निवड झालेली असते आणि तिच्या वाटेतले सगळे अडथळे तिच्या बाहेरचे असतात. ती लढते आणि जिंकते, पण तीनशे पानांत तिच्या हातून असे काहीही घडत नाही ज्याची तिला पुढे लाज वाटावी. जुन्या मर्दानी नायकाला वेणी घातली की तो नायिका होतो, अशी यामागची समजूत दिसते. तलवारीचाही उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. ‘हळू बोल’ हे दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्या मुलीला कुणीतरी ओरडून चाल करून जाताना वाचणे हे औषधासारखे लागू पडते. माझी तक्रार तलवारीशी नाही. मुलींना आदर्श हवा म्हणून चूक करण्याचा अधिकारच नायिकेकडून काढून घेतला जातो, तेव्हा आपण मुलीला तेच सांगत असतो जे जुनी आजी सांगत होती: तू आता शहाणी आहेस, चुकायचे नाही. फरक एवढाच की आजीने तिला पदर सावरायला सांगितले होते आणि आपण कवच चढवायला सांगतो.

मुलीच्या वाढण्याविषयीची ही अस्वस्थता इंग्रजी बालसाहित्यात जुनी आहे. जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर अँड वेंडी’ या १९११ मधल्या, पीटर पॅनची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीत वेंडी मोठी होते आणि त्यामुळेच तिला उडता येत नाही. उडणारा मुलगा मात्र लहानच राहतो आणि तिच्या मुलीला घेऊन जातो. सी. एस. लुइस यांच्या नार्निया मालिकेच्या १९५६ मधल्या शेवटच्या पुस्तकात सुझन ही थोरली बहीण बाकीच्यांबरोबर नाही, कारण तिला आता नायलॉनचे मोजे, लिपस्टिक आणि निमंत्रणे यांतच रस आहे, असे सांगितले जाते. न्यायाने हेही सांगायला हवे की त्याच प्रसंगात एक वयस्क स्त्री म्हणते की सुझनने खरोखर मोठे व्हावे अशीच आपली इच्छा आहे. म्हणजे लुइस यांचा आक्षेप वाढण्यावर नसून वाढल्याच्या सोंगावर होता, असा बचाव करता येतो. तो मला अर्धाच पटतो. सोंग करणे हा वाढण्याचाच एक टप्पा असतो, आणि आरशासमोर आईची लिपस्टिक लावून पाहणाऱ्या मुलीसाठी स्वर्गाचे दार बंद करणे ही मोठ्या माणसाची घाई आहे.

फिलिप पुलमन यांच्या लायरा या नायिकेच्या बाबतीत जे घडले ते अधिक बोलके आहे. १९९५ ते २००० या काळात आलेल्या त्यांच्या तीन भागांच्या कथेत प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्या सोबत वावरतो; लहान मुलांचे प्राणी क्षणाक्षणाला रूप बदलतात आणि मूल वयात आले की ते रूप कायमचे ठरते. वयात येण्यासाठी याहून नेमकी कल्पना मला सुचत नाही. या कथेच्या तिसऱ्या भागात एक प्रौढ स्त्री आपल्या पहिल्या प्रेमाची हकीकत सांगते आणि ती ऐकताना लायराच्या शरीरात काहीतरी अनोळखी घडते. अमेरिकी आवृत्तीत या परिच्छेदातली काही वाक्ये गाळण्यात आली. केसांच्या मुळांशी आलेला शहारा आणि वेगाने चालू लागलेला श्वास गेला. आपल्याच आत एक मोठे घर आहे आणि त्याची किल्ली हाती आली आहे, ही उपमा राहिली. म्हणजे मुलीचे वाढणे उपमेत सांगितलेले चालते, अंगावर आलेले चालत नाही. गंमत अशी की याच कथेत मुलांना त्यांच्या आत्म्यापासून यंत्राने तोडले जाते, लायरा मेलेल्यांच्या जगात उतरते, माणसे मरतात, आणि त्यातले काहीही मुलांसाठी अयोग्य ठरले नाही. पानोपानी मृत्यू खपतो, एक शहारा खपत नाही. याच मालिकेला धर्माच्या नावानेही पुष्कळ विरोध झाला. तो उघड विरोध होता, त्याच्याशी वाद घालता येतो. गुपचूप गाळलेल्या वाक्यांशी वाद घालता येत नाही, कारण ती आवृत्ती वाचणाऱ्या मुलीला काही गाळले आहे हेच कळत नाही.

आपल्याकडे हा पहारा छापखान्यात कमी आणि घरात जास्त असतो. पुस्तक आधी आई वाचते, मावशी चाळते, आणि काही पाने ‘तुला नंतर कळेल’ म्हणून बाजूला राहतात. अकरा वर्षांच्या मुलीला कुठलेही पुस्तक खुशाल द्यावे, असे माझे म्हणणे नाही; वयाचा विचार मोठ्यांनी करायलाच हवा. पण तो विचार करताना आपण नेमके काय टाळतो आहोत, हे स्वतःशी कबूल करायला हवे. राक्षसाचे मुंडके उडवलेले आपण सहज पुढे जाऊ देतो आणि नायिकेला आलेला राग, तिची मत्सरी कुजबूज, तिच्या मनातले आकर्षण दिसले की पान उलटतो. ले ग्विन यांनी १९७३ मधल्या एका निबंधात ‘अतुआन’विषयी लिहिले आहे की त्याचा विषय एका शब्दात सांगायचा तर लैंगिकता हा आहे, अधिक नेमके म्हणायचे तर मुलीचे वयात येणे. ज्या पुस्तकात एका चुंबनाचाही प्रसंग नाही त्याविषयी लेखिका हे सांगते. विषय टाळण्याची आणि विषय सांगण्याची अशा दोन्ही रीती असतात, आणि अंधारातून प्रकाशात येणाऱ्या मुलीची गोष्ट ही त्यातली दुसरी रीत आहे.

या कादंबरीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो स्त्रीवादी वाचकांनी घेतलेला आहे. तेनारला तिचे नाव सांगतो तो पुरुष, अंधारात पहिला उजेड आणतो तो पुरुष, आणि शेवटी तिचा हात धरून राजधानीत नेतो तोही पुरुष. मग ही मुलगी वाढली की फक्त एका हातातून दुसऱ्या हातात गेली? मी या आक्षेपाला सहजासहजी झटकू शकत नाही. बचाव असा आहे की गेडही तिच्यावाचून मेला असता. पाणी तिने दिले, वाट तिला ठाऊक होती, भुयार सोडण्याचा निर्णय तिचा होता. हे खरे आहे. तरी पुस्तक मिटताना तिच्यापुढे काय आहे, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. तिला गोंट बेटावर गेडच्या गुरूकडे राहायला पाठवायचे ठरते, एवढेच. १९७२ मधल्या पुढच्या पुस्तकात तर ती नाहीच.

ले ग्विन यांचे मोठेपण असे की त्यांनी हा आक्षेप स्वतःवर घेतला. तब्बल एकोणीस वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी ‘तेहानू’ लिहिली आणि दोन वर्षांनी ऑक्सफर्डमधल्या एका व्याख्यानात त्यांनी उघडपणे मांडले की आधीची पुस्तके त्यांनी पुरुष नायकांच्या परंपरेत राहून लिहिली होती. ‘तेहानू’तली तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. तिने जादूगाराच्या घरातले शिक्षण सोडले होते, लग्न केले होते, दोन मुले वाढवली होती, आणि आता ती तिच्याच माणसांनी अत्याचार करून आगीत ढकललेल्या एका मुलीला सांभाळते आहे. तिचा मुलगा घरी येतो आणि आपले उष्टे ताट उचलत नाही, कारण ते बायकांचे काम आहे. ड्रॅगन बोलतात त्या जगात तेनारपुढचा प्रश्न हा आहे की या मुलाला आपण काय शिकवले. अनेक वाचक या पुस्तकावर नाराज झाले. त्यांना पुजारीण राणी झालेली हवी होती, निदान पहिली जादूगारीण तरी. शेळ्या, चूल आणि भाजलेले मूल पाहून त्यांना वाटले की लेखिकेने नायिकेची अधोगती केली.

मला हे पुस्तक विशीत अजिबात आवडले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. चाळिशीनंतर पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की माझी नाराजी तेनारवर नव्हती. वाढण्याची गोष्ट सोळाव्या वर्षी संपते, या माझ्या समजुतीला धक्का लागला म्हणून मी रुसले होते. भुयारातून सुटलेल्या मुलीने साधे आयुष्य निवडले, त्या आयुष्यातही तिला लहानमोठ्या कैदा सापडल्या, आणि पन्नाशीकडे झुकताना तिने पुन्हा एकदा, याही वेळी कुठल्याही जादूविना, एका मुलीला हात दिला. कुमारवयीन वाचकाने ‘तेहानू’ लगेच वाचावी, असे मी म्हणणार नाही. पण तेनारची पुढची वर्षे कुठेतरी लिहून ठेवलेली आहेत, एवढे ठाऊक असणेही पुरेसे आहे.

मराठीत आमच्या पिढीला गोट्या भेटला, फास्टर फेणे भेटला, पुढच्यांना बोक्या सातबंडे भेटला. ही मुले मजेची आहेत आणि ती वाढत नाहीत. त्यांच्या गोष्टींचा घाटच तसा आहे. मराठीत मुलाचे वाढणे सुंदर लिहिले गेले आहे, प्रकाश नारायण संतांचा लंपन त्याची साक्ष आहे, पण लंपन प्रौढ वाचकासाठी लिहिलेला आहे आणि तो मुलगा आहे. अद्भुताची मराठीला कमतरता कधीच नव्हती. सटवाई, आसरा, सात बहिणी, हाकामारी यांनी भरलेली आपली कल्पनासृष्टी ‘अर्थसी’पेक्षा गरीब नाही. त्या सृष्टीत तेरा वर्षांची एक मुलगी शिरते, चुकते, कुणाचे तरी नुकसान करते आणि बदलून बाहेर येते, अशी तिच्याच वयाच्या वाचकासाठी लिहिलेली मराठी कादंबरी मात्र माझ्या भाचीला मी अजून देऊ शकलेले नाही. म्हणून ती इंग्रजीतून वाचते, आणि शब्द अडले की मला विचारते.

‘अतुआन’ तिने मागच्या दिवाळीच्या सुट्टीत वाचले. तलवारीचा विधी, भुयार, कैदी, यांपैकी कशानेही ती घाबरलेली दिसली नाही. शेवटचे पान झाल्यावर ती पुस्तक हातात घेऊन माझ्याकडे आली आणि विचारले, “मावशी, तिची आई कुठे गेली?” पुस्तकाच्या सुरुवातीला सफरचंदाच्या बागेत संध्याकाळ होत असते, आई तेनारला नाव घेऊन घरी बोलावत असते, आणि बाप झोपडीच्या कोपऱ्याशी कुदळ साफ करत म्हणतो की पोरीवर जीव लावू नकोस, तिला न्यायला येणारच आहेत. ते नाव तेनारला परत मिळते. आई परत मिळत नाही. त्या बागेकडे ती पुन्हा कधी जात नाही. मी भाचीला तसे सांगितले. तिने पहिले पान उघडले आणि तिथेच उभी राहून ते पुन्हा वाचू लागली.